पिवळ्या दिव्याची जन्मकथा

सर्व्हिसिंग करून आणलेल्या मोटारीत दुसऱ्याच दिवशी इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला, की मालक गॅरेजवाल्यावर चिडतो आणि गॅरेजवाला एखादा महागडा भाग बदलायला सुचवतो. गाडी तर नीट चालत असते. मग दिवा लागतो तो कशासाठी? हे समजण्यासाठी आपल्याला लॉस एंजेलिस शहराच्या हवेपासून सुरुवात करावी लागेल.

जुलै १९४३ मध्ये या शहरावर डोळे चुरचुरवणारे दाट धुरके पसरले. दुसरे महायुद्ध चालू असल्याने जपानने विषारी वायू सोडला की काय, अशी शंका लोकांना आली. नंतर संशय गेला तो कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन बनवणाऱ्या एका कारखान्यावर. कारखाना बंद करून पाहिला, पण धुरके येतच राहिले.

उलगडा केला मूळचे हॉलंडचे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये ते अननसाच्या स्वादातील रसायनांचा अभ्यास करीत होते. तेच कौशल्य त्यांनी शहराच्या हवेकडे वळवले. मोटारींतून व तेलशुद्धीकरण कारखान्यांतून बाहेर पडणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यात सूर्यप्रकाशामुळे प्रक्रिया होऊन ओझोन तयार होतो, असे त्यांनी १९५२ साली मांडले. ओझोनमुळे ताणलेल्या रबराला भेगा पडतात. त्या किती वेळात पडतात, यावरून ते ओझोनचे प्रमाण मोजत! पुढे १९६८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाचे ते पहिले अध्यक्ष झाले.

१९७० च्या अमेरिकी कायद्याने मोटारींच्या धुरातील हायड्रोकार्बन व कार्बन मोनॉक्साइड ९० टक्क्यांनी घटवण्याचे लक्ष्य ठेवले. त्याची मुदत नंतर वाढवावी लागली, तरी १९७५ पासून तेथील बहुतेक नव्या मोटारींत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. हायड्रोकार्बन, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्हींवर काम करणारा कन्व्हर्टर मात्र नाजूक प्रकृतीचा असतो. एक ग्रॅम पेट्रोलला सुमारे १४.७ ग्रॅम हवा हे प्रमाण सांभाळले, तरच तो चांगले काम करतो. त्यासाठी धुरातील ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आणि पेट्रोलचे प्रमाण सतत सुधारणारा संगणक गाडीत आला.

येथे नवी अडचण निघाली. कारखान्यातून स्वच्छ निघालेली गाडी काही वर्षांनी घाण धूर सोडू लागली, तरी चालकाला ते जाणवत नाही. म्हणून गाडीनेच स्वतःची तपासणी करून दिवा लावावा, असा नियम कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलपासून आणला. त्याची सुधारलेली आवृत्ती १९९६ पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना लागू झाली. प्रदूषण ठरलेल्या मर्यादेच्या साधारण दीडपट होईल असा बिघाड दिसला, की दिवा लागावा, हे तिचे मुख्य सूत्र. भारतात अशी स्वयंतपासणी भारत स्टेज-४ बरोबर एप्रिल २०१० पासून आणि तिची पुढची पायरी एप्रिल २०१३ पासून आली. थोडक्यात, हा दिवा इंजिनाइतकाच हवेच्याही बाजूने बोलतो. अमेरिकेत पेट्रोलच्या टाकीचे झाकण सैल राहिले तरी तो लागतो, कारण टाकीतून निसटणारी वाफ म्हणजेही हायड्रोकार्बनच.

आता सर्व्हिसिंगकडे वळू. हवेचा फिल्टर बदलताना हवा मोजणाऱ्या सेन्सरची वायर काढली आणि परत लावली नाही, किंवा त्याच्या पुढच्या रबरी नळीची पट्टी सैल राहिली, असे समजा. सैल जागेतून न मोजलेली हवा आत शिरते. संगणक पेट्रोल वाढवत नेतो आणि सुधारणेची मर्यादा गाठली, की ‘पी ०१७१’ हा कोड नोंदवतो. त्याचा अर्थ एवढाच, की मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे. पण ही बातमी ऑक्सिजन सेन्सरने दिलेली असते, म्हणून पुष्कळदा तोच बदलला जातो! कोड मोजमाप सांगतो, कारण सांगत नाही. ब्युटाडाइनच्या कारखान्यासारखाच संशय येथेही समोर दिसणाऱ्यावर जातो.

बॅटरीची तार काढून कोड पुसण्यानेही काही साधत नाही. कारण दूर झाले नसेल, तर दिवा पुन्हा लागतो. उलट दोष खरोखर गेला असेल, तर सलग तीन फेऱ्यांच्या तपासणीत तो न आढळल्यावर दिवा आपोआप विझतो. मात्र दिवा लुकलुकत असेल, तर सिलिंडरमध्ये ठिणगी चुकून न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळत असते व तो तापून निकामी होऊ शकतो. तेव्हा वेग कमी करून गाडी लवकर थांबवावी. तेलाच्या दाबाचा लाल दिवा वेगळा. तो लागला तर इंजिन तत्काळ बंद करावे.

आमच्या मते वर्गात हे उदाहरण अवश्य घ्यावे. विद्यार्थ्यांना ‘पी ०१७१’ची शक्य तेवढी कारणे लिहायला सांगावीत. मग प्रत्येक कारण खरे असेल तर आणखी काय दिसायला हवे, आणि ते सर्वांत कमी खर्चात कसे तपासता येईल, हे विचारावे. नुकत्याच कोणकोणत्या भागांना हात लागला, हा प्रश्न विद्यार्थी स्वतःहून विचारतात का, याकडे शिक्षकांनी लक्ष ठेवावे.