अलिफ-बे, बालबोध आणि पहिलीचा वर्ग

जून महिन्यात पहिलीचा वर्ग हाती आला की दुसऱ्याच आठवड्यात मी एक छोटी परीक्षा घेते. मुलांना ती परीक्षा आहे हे कळत नाही. आधी मूल अलिफपासून येपर्यंत सगळी अक्षरं म्हणून दाखवतं. मग मी कायद्याच्या पानावर मध्येच कुठेतरी बोट ठेवते आणि विचारते, "हे कोण?"

दोन वर्षांपूर्वीची एक मुलगी माझ्या चांगली लक्षात आहे. तिने अलिफ ते ये एका दमात, न अडखळता म्हटलं. मी 'जीम'वर बोट ठेवलं. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि मग ओठ हलवत पहिल्यापासून मोजायला लागली. अलिफ, बे, पे, ते, टे, से... आणि जीमपाशी पोहोचल्यावर खुदकन हसली. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. रांगेतली त्याची जागा तेवढी माहीत होती.

तिची अम्मी दारातच उभी होती. म्हणाली, "टीचर, इसको तो पूरा याद है."

मी म्हटलं, "हो, याद है. पढ़ना अभी बाकी है."

पाठ असणं आणि वाचता येणं यांतलं हे अंतर एकट्या त्या मुलीचं नाही. आपल्याकडे लहान मुलांना अक्षर शिकवण्याचा जो दीडदोनशे वर्षांचा इतिहास आहे, तो बराचसा हे अंतर कापण्याचाच इतिहास आहे. बीएडला असताना मला तो कुणी सलग सांगितला नाही. तुकड्या-तुकड्यांनी वाचला आणि वर्गात शिकवताना जोडत गेले.

जुन्या मराठी शाळेपासून सुरुवात करू. पंतोजींच्या शाळेत मूल आधी धूळपाटीवर लिहायचं. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची, काडीने किंवा बोटाने अक्षर काढायचं, हलवून पुसायचं आणि पुन्हा काढायचं. 'धुळाक्षरे' हा शब्द तिथूनच आला. सुरुवात व्हायची 'ओनामासीधं'ने. मूळ शब्द 'ॐ नमः सिद्धम्'. मुलाला त्यातलं काही कळत नसे, पण ते घोकायचं. आजही आपण कुठल्याही आरंभाला 'ओनामा' म्हणतो. मग पाढे, पावकी, निमकी, अडीचकी. सगळं मोठ्याने, सुरात.

आता मकतबात डोकावू. मूल चार वर्षं, चार महिने आणि चार दिवसांचं झालं की त्याची 'बिस्मिल्लाह' करायची, ही आपल्याकडची जुनी रीत. मग हाती कायदा यायचा; बगदादी कायदा किंवा पुढे नूरानी कायदा. मराठी वाचकांना 'कायदा' म्हटलं की कोर्ट आठवेल. पण शब्द एकच आहे. अरबीत 'कायदा' म्हणजे पाया आणि नियमही. मोठ्यांच्या वाट्याला नियम आला, मुलांच्या वाट्याला पाया. लिहायला लाकडी तख्ती, तिच्यावर मुलतानी मातीचा हात, बोरूची कलम आणि दौत. वाचायची पद्धत हिज्ज्यांची : "अलिफ ज़बर अ, अलिफ ज़ेर इ, अलिफ पेश उ." हेही मोठ्याने आणि सुरात.

शेजारी-शेजारी ठेवून पाहिलं तर या दोन शाळा सख्ख्या बहिणी वाटतात. एकीकडे धूळ, दुसरीकडे माती. दोन्हीकडे घोकंपट्टी आणि दोन्हीकडे छडी. आणि मराठी शाळेत जाणाऱ्या मुलाच्या पाठीवरचं ओझं उघडून बघा. 'दप्तर' फारसीतून आलेलं. आतला 'कागद', 'शाई', 'दौत', 'कलम' हेही अरबी-फारसीच्या वाटेने आलेले. वर्गात गेल्यावर होणारी 'हजेरी'सुद्धा. भाषेच्या नावाने भिंती बांधणाऱ्यांनी हे दप्तर एकदा तपासावं.

या धुळीची एक गंमत आहे. अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री 1789 पासून मद्रासच्या लष्करी अनाथाश्रमातली शाळा बघत होता. जवळच्या एका देशी शाळेत मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना त्याने पाहिली आणि ती रीत आपल्या शाळेत आणली. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचं, अशीही व्यवस्था बसवली. 1797 मध्ये त्याने लंडनमध्ये यावर पुस्तक छापलं आणि ही 'मद्रास पद्धत' इंग्लंडभर गेली. गरिबांच्या मुलांना कमी खर्चात अक्षरओळख करून देण्याची रीत इंग्रजांनी आपल्या वाळूतून उचलली, हे आपल्या शिक्षकांना सांगितलं जात नाही.

धुळीवर अक्षर उमटलं खरं, पण प्रश्न होता कुणाचं बोट त्या धुळीवर टेकू द्यायचं हा. 1848 साली पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा भांडण झालं ते याच कारणाने. वडिलांचं घर सोडावं लागल्यावर फुले दांपत्याला उस्मान शेख यांनी आसरा दिला आणि त्यांची बहीण फातिमा शाळेच्या कामात उभी राहिली. ऑक्टोबर 1856 मध्ये सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी नायगावला होत्या. तिथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्या म्हणतात की आपल्या मागे फातिमेला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. मी हा उल्लेख शिक्षिका म्हणून वाचते. सहकारी रजेवर असताना दुहेरी वर्ग सांभाळणारी बाई मला त्यात दिसते. थोर म्हणून फोटोला हार घालणं सोपं आहे. ते रोजचं काम ओळखणं जास्त मोलाचं.

1882 मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांना पगार नीट द्या, ही त्यातली मागणी अनेकांना माहीत आहे. अभ्यासक्रमात त्यांनी मोडी आणि बालबोध दोन्हींचं वाचन-लेखन मागितलं, हे कमी जणांना माहीत असतं. मोडी ही व्यवहाराची, दप्तराची, सावकाराच्या वहीची लिपी. बालबोध म्हणजे आजची आपली देवनागरी. नावातच अर्थ आहे : बाळाला कळेल अशी. शेतकऱ्याच्या पोराला नुसती बालबोध येऊन भागणार नाही, कारण त्याच्या कर्जाचा कागद मोडीत असतो, हे जोतीराव जाणून होते. अक्षरओळख कशासाठी, याचं इतकं रोखठोक उत्तर मी दुसरीकडे क्वचितच पाहिलं.

त्याच निवेदनात एक वाक्य आपल्याबद्दल आहे. मुसलमानही या शाळांपासून दूर राहतात, त्यांना मराठी किंवा इंग्रजीची फारशी आवड दिसत नाही आणि त्यांची भाषा शिकवणाऱ्या थोड्या शाळा आहेत, असा त्याचा आशय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते लागलं. आवड नव्हती? मग त्याच निवेदनात पुढे-मागे वाचलं, तर जोतीराव म्हणतात की शाळांतले शिक्षक जवळपास सगळे ब्राह्मण आहेत आणि खालच्या जातींच्या मुलांना तिथे थारा नाही. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या की 'आवड' या शब्दामागचं दार दिसतं. ज्या वर्गात आपल्यासारखं कुणी नाही, तिथे पहिलं पाऊल टाकायला मूल कचरतं. आजही कचरतं.

हंटर आयोगाने मुसलमानांसाठी वेगळ्या शिफारशी केल्या. प्राथमिक आणि मिडल वर्गांत हिंदुस्तानी म्हणजे उर्दू हे मुख्य माध्यम असावं; मात्र जिथे स्थानिक मुसलमानांना दुसरी भाषा हवी असेल, तिथे ती असावी. मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना 1874 ची, तिची शाळा 1880 ची. पुढे महाराष्ट्रभर उर्दू शाळा उभ्या राहिल्या. मी स्वतः उर्दू शाळेची लेक आहे, त्यामुळे या शाळांनी आमच्या किती मुलींना घराबाहेर काढलं हे मला कुणी शिकवायला नको. पण शिफारशीतला तो 'मात्र' आपण विसरलो. निवड आपल्या हाती होती. मराठी आपली नाही असं कुणी ठरवलं? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांत आजही मराठी-कोकणीच्या कुळातलीच बोली बोलली जाते.

विसरण्याची किंमत मी घरात पाहिली आहे. माझी नानी रोज फजरनंतर कुराणशरीफ वाचायची. नाज़रा पक्का, एकही ज़ेर-ज़बर चुकायची नाही. त्या वाचनाने तिला जो सुकून मिळे, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण एकदा घरी जमिनीच्या मोजणीची नोटीस आली, तेव्हा ती शेजारच्या मराठी शाळेत चौथीत जाणाऱ्या पोराने वाचून दाखवली. नानीने कागदावर अंगठा उठवला आणि पदराने बोट पुसत म्हणाली, "हर्फ तो मैं भी पहचानती हूँ, पर ये मेरे हर्फ नहीं." मी तेव्हा दहा वर्षांची असेन. मी मास्तरीण झाले, त्याची सुरुवात बहुधा त्याच दिवशी झाली.

आता पुन्हा अक्षराकडे. उर्दूत मुलांच्या पाठ्यपुस्तकांचं चित्र बदलणाऱ्यांत मौलवी इस्माईल मेरठी यांचं नाव मोठं. जन्म 1844, मृत्यू 1917. हे गृहस्थ शिक्षक होते. सहारनपूर, मेरठ, आग्रा इथे शिकवलं. त्यांच्या आधी पंजाबात मुहम्मद हुसेन आज़ाद यांनीही उर्दूची क्रमिक पुस्तकं लिहिली होती. मेरठींनी कायदा आणि पहिलीपासूनची पुस्तकं रचली ती मुलाचं वय डोळ्यांपुढे ठेवून : सोपे शब्द, छोटी वाक्यं, रोजच्या ओळखीच्या वस्तू आणि प्राणी. गाईवरची त्यांची कविता उर्दू शिकलेल्या पिढ्यान् पिढ्यांना तोंडपाठ आहे. म्हणजे पाठांतर त्यांनी टाकून दिलं नाही. ज्याचा अर्थ मुलाला कळतो तेच पाठ होऊ द्या, एवढा फरक त्यांनी केला. पण हा 'एवढा'च फरक फार मोठा आहे.

मराठीच्या बाजूला हे काम वेगळ्या वाटेने झालं. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये बालमंदिर सुरू केलं. तिथे त्यांच्यासोबत काम करायला आल्या ताराबाई मोडक. मारिया माँटेसरींच्या कल्पना त्यांनी आपल्या मातीत आणल्या. 1945 मध्ये ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, पुढे 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर. बरोबर अनुताई वाघ. वारली मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही, शाळाच अंगणात नेली. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली. महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, पानं, काड्या वापरल्या. माँटेसरींच्या पद्धतीत एक साधन असतं : खरखरीत कागदाची कापलेली अक्षरं. मूल त्यांवरून बोट फिरवतं आणि त्याच वेळी अक्षराचा आवाज ऐकतं, उच्चारतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा धूळपाटी आठवली. बोट तेच, खरखर तीच. फरक इतकाच की आता गिरवताना अक्षर बोलतं.

हे सगळं मला वर्गात कुठे उपयोगी पडतं, ते सांगते. माझ्या मुलांसमोर दोन लिप्या आहेत. एक उजवीकडून डावीकडे धावते, दुसरी डावीकडून उजवीकडे. उर्दूतलं अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी रूप बदलतं. 'स'च्या एका आवाजाला से, सीन, स्वाद अशी तीन अक्षरं. आणि ज़ेर-ज़बर तर कायद्यानंतर गायबच होतात. मराठीत मात्रा डोक्यावर, उकार पायाशी, वेलांटी कधी आधी कधी नंतर. आणि 'र' तर 'क्र', 'र्क', 'ट्र', 'ऱ्य' अशी चार सोंगं घेतो. आमच्या वेळी मराठी तिसरीत भेटली आणि परकी पाहुणी म्हणून भेटली. 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या शाळांत मराठी सक्तीची केली आहे. पण सक्तीने पुस्तक दप्तरात येतं, ओढ येत नाही. ती शिक्षकाने लावायची असते.

म्हणून मी सुरुवात करते ती दोन्ही भाषांत असलेल्या शब्दापासून. माझा लाडका शब्द 'बाजार'. उर्दूत बे, अलिफ, ज़े, अलिफ, रे. यातली अलिफ, ज़े आणि रे ही अक्षरं पुढच्या अक्षराला हात देत नाहीत, म्हणून शब्द सुटा-सुटा, सोपा दिसतो. मराठीत बा-जा-र, दोन काने, बस्स. फळ्याच्या उजव्या टोकाकडून मी उर्दू लिहीत येते, डाव्या टोकाकडून मराठी. दोन्ही शब्द मध्ये भेटतात. मुलं टाळ्या वाजवतात. मग एखादं पोर विचारतं की उर्दूतला 'ज़' आणि मराठीतला 'ज' थोडा वेगळा का ऐकू येतो. हा प्रश्न आला की मी समजते, याचे कान उघडले. आता वाचन फार दूर नाही. मग येतात हवा, जमीन, दुकान, कागद. अंगणातल्या वाळूत बोटाने लिहायचं, पुसायचं, पुन्हा लिहायचं. बेलसाहेबाला जे मद्रासला दिसलं, ते आमच्या शाळेच्या मागच्या अंगणात अजून चालू आहे.

कुणी म्हणेल, उर्दूचं काय होणार? माझा अनुभव असा की ज्या मुलाला एका लिपीत खरं वाचता येतं, त्याला दुसरी लिपी शिकायला वेळ लागत नाही. अडकतं ते मूल, जे दोन्हीकडे नुसतं म्हणत राहतं. मराठी उर्दूची सवत नाही. दोघी एकाच घरात नांदल्या आहेत, पुरावा दप्तरात आहे.

ती जीमवर अडकलेली मुलगी आता तिसरीत आहे. गेल्या महिन्यात तिची अम्मी पुन्हा दारात आली. या वेळी हातात एक कागद होता, रेशनच्या दुकानातून आलेला, मराठीत छापलेला. मला वाटलं, वाचून हवा असेल. मी हात पुढे केला.

"नहीं टीचर," ती म्हणाली, "इसने घर पे पढ़ के सुनाया. सही पढ़ा क्या, बस ये देख लो."

मी कागद वाचला. मुलीने दोन ठिकाणी जोडाक्षर चुकवलं होतं. बाकी सगळं बरोबर होतं.