फोनो कार्ट्रिज

फोनो कार्ट्रिज ही टर्नटेबलाच्या बाहूच्या (टोनआर्मच्या) टोकाशी बसविलेली, ध्वनिमुद्रिकेच्या खाचेतील सुईची कंपने विद्युतसंकेतात रूपांतरित करणारी लहानशी रचना होय. मध्यम किमतीचे टर्नटेबल निवडताना कार्ट्रिजचा सुटा विचार करून भागत नाही. बाहू, कार्ट्रिज आणि फोनो प्रवर्धक या तिन्हींचे परस्परांशी जमावे लागते. महागडी कार्ट्रिज विसंगत बाहूवर बसविल्यास साध्या पण जुळणाऱ्या कार्ट्रिजपेक्षाही निकृष्ट वाजू शकते.

प्रकार

चल-चुंबक प्रकारात सुईच्या दांडीवरील चुंबक स्थिर वेटोळ्यांजवळ हलतो. यातून साधारणतः ३ ते ६ मिलिव्होल्ट संकेत मिळतो आणि झिजलेली सुई घरच्या घरी बदलता येते. चल-वेटोळे प्रकारात याच्या उलट वेटोळी हलतात. संकेत बहुधा ०.२ ते ०.५ मिलिव्होल्ट इतका क्षीण असल्याने अधिक क्षमतेचा प्रवर्धक किंवा रोहित्र लागते, आणि सुई झिजली की बहुतेक वेळा संपूर्ण कार्ट्रिज बदलावी लागते. मर्यादित खर्चात म्हणूनच चल-चुंबक प्रकार अधिक सोयीचा ठरतो. स्वस्त, पेटीवजा टर्नटेबलांत आढळणारी सिरॅमिक कार्ट्रिज बहुधा बरीच जड चालते. जपून ठेवण्याजोग्या मुद्रिका तिच्याखाली न घालणेच बरे.

बाहूशी जुळणी

बाहू व कार्ट्रिज यांचे एकत्रित वस्तुमान आणि सुईच्या दांडीची लवचीकता यांमुळे एक नैसर्गिक अनुनाद निर्माण होतो. तो ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान असावा, असा संकेत आहे. त्याहून खाली गेल्यास वाकड्या मुद्रिकेच्या चढउतारांनी बाहू डोलू लागतो. फार वर गेल्यास तो श्राव्य खर्जाच्या जवळ येतो. हा आकडा काढण्यासाठी एकूण वस्तुमान (ग्रॅम) व लवचीकता यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घेऊन त्याने १५९ ला भागतात.

उदाहरणार्थ, ऑर्टोफॉन २एम रेड या कार्ट्रिजचे वजन ७.२ ग्रॅम व लवचीकता २० आहे. बाहूचे परिणामी वस्तुमान १२ ग्रॅम आणि स्क्रूंचे सुमारे ०.८ ग्रॅम धरल्यास बेरीज २० होते, व अनुनाद सुमारे ८ हर्ट्झवर येतो. म्हणजे जेमतेम मर्यादेत. याहून जड बाहूवर ही कार्ट्रिज टाळावी. काही जपानी उत्पादक लवचीकता १०० हर्ट्झवर मोजून देतात. डेनॉन डीएल-१०३ ची अशी नोंद ५ आहे. सूत्रात वापरण्यापूर्वी असा आकडा अंदाजे दीडपट ते दुप्पट करावा लागतो. हे न कळल्याने अनेकांची गणिते चुकतात.

प्रवर्धक

चल-चुंबक कार्ट्रिजसाठी ४७ किलोओहमचा भार प्रमाण मानला जातो. मुद्रण करताना खर्ज दाबलेला व तार स्वर उचललेला असतो. फोनो प्रवर्धक आरआयएए वक्रानुसार तो पूर्ववत करतो. त्याशिवाय आवाज पातळ व कर्कश येतो.

टर्नटेबल

पट्ट्याने फिरणारे आणि थेट मोटरीवर फिरणारे असे दोन प्रकार प्रचलित आहेत. १९७२ मध्ये आलेले टेक्निक्स एसएल-१२०० हे दुसऱ्या प्रकारातील सर्वपरिचित यंत्र. निवडताना चालनपद्धतीपेक्षा सुईचा दाब कमीजास्त करण्याची सोय आणि कार्ट्रिज बदलण्याची मुभा पाहणे अधिक हिताचे. शिफारशीपेक्षा कमी दाब देणे सुरक्षित वाटते, परंतु तो घातक असतो: सुई खाचेत उडते आणि भिंती खरवडते.

७८ फेऱ्यांच्या मुद्रिका

महाराष्ट्रातील अनेक घरांत नाट्यसंगीताच्या, बालगंधर्वांच्या गायनाच्या लाखेच्या मुद्रिका आजही आहेत. त्यांची खाच रुंद असते. लाँगप्लेची सुमारे १८ मायक्रॉन त्रिज्येची सुई तिच्या तळाशी घसरते, खरखर वाढते व सुईही लवकर झिजते. यासाठी सुमारे ७५ मायक्रॉनची स्वतंत्र सुई लागते. ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ मालिकेत कार्ट्रिजचा मूळ भाग तोच ठेवून अशी सुई बसविता येते. मात्र मध्यम किमतीच्या अनेक टर्नटेबलांवर ३३⅓ व ४५ या दोनच गती असतात, त्यामुळे ७८ ची सोय खरेदीपूर्वी तपासावी लागते. यांतील बहुतेक मुद्रिका आरआयएए वक्र रूढ होण्यापूर्वीच्या असल्याने त्यांचा खर्ज व तार स्वर वेगळ्याने जुळवून घ्यावा लागतो.