ओल धरणे (मूलस्थानी जलसंधारण)

पाऊस ज्या रानात पडला त्याच रानात तो मुरवायचा आणि पिकाच्या मुळाशी टिकवायचा, ही कोरडवाहू शेतीतील रीत. जालना जिल्ह्यात वर्षाला सरासरी 700 मि.मी.च्या आसपास पाऊस पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबरात आणि मध्ये मोठे खंड घेऊन. रब्बी ज्वारी पेरली जाते ती पाऊस परतू लागल्यावर. पुढे कणीस भरेपर्यंत तिचा सारा संसार जमिनीतल्या ओलीवर.

ही ओल थोडी नसते. 1 मि.मी. पाऊस म्हणजे हेक्टरी 10,000 लिटर पाणी. मीटरभर खोल काळ्या जमिनीत पिकाला घेता येईल असे 150 ते 200 मि.मी. पाणी मावते, म्हणजे 15 ते 20 लाख लिटर! मुरमाड, उथळ रानात यातले फार थोडे टिकते, म्हणून तिथे ज्वारीचा हट्ट धरू नये.

सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्राने 1933 पासून ओल टिकवण्यावर काम केले. बांधबंदिस्ती, उताराला आडवी मशागत, पावसाळ्यात पड रानात वाफे पाडून पाणी अडवणे ही सूत्रे पुढे मराठवाड्यातही रुजली. परभणीच्या कृषी विद्यापीठाने खरिपासाठी रुंद वरंबा-सरीची शिफारस केली. सरीत पाणी मुरते, जास्तीचे निघून जाते.

पेरणी वाफशावर करावी. मुठीत मातीचा गोळा वळून कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचा. फुटून विखुरला तर वाफसा आला, चपटा बसला तर थांबायचे.

खरी कसोटी त्यानंतर लागते. काळी जमीन सुकू लागली की भेगाळते आणि भेगांतून खालची ओल उडून जाते. म्हणून पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी सांगितली जाते. शेवटची दातेरी कोळप्याने, म्हणजे भेगा मातीने बुजतात. शेतकरी कोळपणीला अर्धे पाणी म्हणतात, ते उगाच नव्हे.

जालना तालुक्यातील कडवंचीत मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रासह इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम राबवला. समतल चर आणि बांधांनी शिवार सावरले. पुढे गाव शेततळ्यांमुळे आणि द्राक्षांमुळे गाजले, आणि पाहायला येणारे शेततळी पाहूनच परततात. त्यांनी आधी बांधावर उभे राहून चर पाहावेत, आणि घरी ज्वारी असेल तर आठव्या आठवड्यातली कोळपणी चुकवू नये.