शह: एका इशाऱ्याची कुळकथा

बुद्धिबळाच्या पटावर ३२ मोहरी असतात. त्यांतली ३० मारून बाजूला ठेवता येतात. दोन राजे मात्र डाव संपला तरी पटावरच. हरणारा राजासुद्धा मारायचा नसतो. त्याला पळायला घर उरलं नाही, की डाव तिथेच थांबतो. राजाचा हा मान 'शह' या एवढ्याशा शब्दात साठलेला आहे.

चतुरंग भारतातून इराणात गेलं, तेव्हा राजाचा 'शाह' झाला. समोरच्याच्या राजावर चाल केली की खेळणारा 'शाह!' म्हणे, म्हणजे तुमचा राजा सांभाळा. नजरचुकीनं राजा गेला आणि रंगलेला डाव फुकट गेला, तर जिंकणाऱ्यालाही त्यात काय गोडी? आधी हा शिष्टाचार होता, मग त्याचा कायदा झाला. राजा शहात ठेवून दुसरी खेळी करायची नाही, त्याला आपण होऊन शहात न्यायचं नाही. सुटकेचे मार्ग तीनच: राजा हलवा, शह देणारं मोहरं मारा, नाहीतर मध्ये आडोसा घाला. घोड्याच्या शहाला आडोसाही चालत नाही.

तिन्ही मार्ग बंद झाले की 'शाह मात'. अरबीत 'मात' म्हणजे 'मेला', म्हणून या शब्दांचा अर्थ 'राजा मेला' असा सर्रास सांगितला जातो. पण फारसीतला 'मात' म्हणजे हतबल, निरुपाय झालेला. पटावर घडतं तेही हेच. आपण आजारावर किंवा दुष्काळावर 'मात' करतो तेव्हाही कोणी मरत नाही.

अरबांबरोबर खेळ युरोपात पोचला आणि शाहचं गोत फोफावलं. फ्रेंचांचा 'एशेक', जर्मनांचा 'शाख', इंग्रजांचा 'चेक' ही सगळी त्याचीच लेकरं. पटाच्या चौकड्यांवरून 'चेक्स'चा शर्ट आला. राजाला अडवण्यावरून अडवणं, मग तपासणं, आणि त्याच वाटेनं बँकेचा चेकही.

शह नाही आणि हलायला घरही नाही, अशी कोंडी म्हणजे जिच. नियमांचा सर्वांत मोठा घोळ हिच्यावरून झाला. अरबांच्या शतरंजात जिच करणारा जिंके. १६१४ सालच्या आर्थर सॉलच्या इंग्रजी पुस्तकात नेमकं उलट आहे: समोरच्याला जिचवणारा हरतो. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कुठे ती बरोबरी ठरली.

आपल्या देशी खेळात शहाला आणखी एक धार होती. राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येई, पण तोवर एकदाही शह बसलेला नसेल तरच. त्यामुळे सुरुवातीलाच दिलेला, वरवर पोकळ दिसणारा शहसुद्धा राजाची उडी कायमची हिरावून घेई. पंजाबचा मीर सुलतान खान या देशी नियमांवरच वाढला. पुढे युरोपीय नियम शिकून १९२९, १९३२ आणि १९३३ साली तो ब्रिटिश विजेता झाला. त्या नियमांत उडीच्या जागी किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्तीची एकत्र खेळी, आहे. शहात असताना, शहातून किंवा शहात जाऊन तो करता येत नाही. पण आधी शह बसून गेला, एवढ्यानं तो हक्क जात नाही.

आज स्पर्धेच्या दालनात 'शह' म्हणण्याचं बंधन नाही, आणि फारसं कोणी म्हणतही नाही. दीर्घ वेळेच्या डावात राजा शहात राहू दिला, तर खेळी मागे घ्यावी लागते आणि प्रतिस्पर्ध्याला २ मिनिटं जादा मिळतात. पुन्हा नियमबाह्य खेळी झाली की डाव गेला. राजाकडे लक्ष वेधणं पूर्वी चाल करणाऱ्याचं काम होतं, आता ते राजा सांभाळणाऱ्याच्या गळ्यात पडलं आहे. तरीही तो राजा उचलून पटाबाहेर ठेवायची मुभा समोरच्याला अजून नाही.

शहातून सुटता सुटता उलट दिलेला शह म्हणजे काटशह. मराठी वर्तमानपत्रांत शहकाटशहाचं राजकारण रोज चालतं. तिथे तर 'राजा सांभाळा' असं आधी सांगायची रीत कधी नव्हतीच.