घरची पोथी, घरचा सर्व्हर

आपल्या परभणी जिल्ह्यातून गोदावरी वाहते. तिच्याच वरच्या अंगाला, पैठणच्या परिसरात, तेराव्या शतकात चक्रधरस्वामींचा वावर होता. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’त लिहून ठेवल्या. पुढे महानुभावांनी आपल्या पोथ्यांसाठी सांकेतिक लिप्या घडवल्या. त्यांतली सकळ लिपी सर्वांत प्रसिद्ध. युक्ती साधीच, एका अक्षराच्या जागी दुसरे. पण किल्ली ठाऊक नसेल तर हाती आलेली पोथीही मुकी! विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी या लिपीचा उलगडा केला, तोवर हे वाङ्मय पंथाबाहेर फारसे कुणाला माहीत नव्हते.

पोथी आपल्या मठात, किल्ली आपल्या माणसांकडे. संगणकाच्या जगात याला ‘सेल्फ होस्टिंग’ म्हणतात. म्हणजे फोटो, पत्रे, हिशेब परक्या कंपनीच्या यंत्रावर न ठेवता घरातल्याच एका लहान संगणकावर, सर्व्हरवर, ठेवायचे. वेबचा जन्मच असा झाला. १९९० मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ संस्थेत पहिला सर्व्हर चालवला तो आपल्या कामाच्या संगणकावर. तो कुणी चुकून बंद करू नये म्हणून त्यावर चिठ्ठी डकवली होती! मग फुकट टपालपेट्या आल्या, २००४ मध्ये जीमेल आले, आणि आपण आपले दप्तर आनंदाने दुसऱ्याच्या वाड्यात नेऊन ठेवले. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी सरकारी पाळतीची कागदपत्रे उघड केली, तेव्हा अनेकांचे डोळे उघडले. ‘ओनक्लाउड’ २०१० पासून होतेच. २०१६ मध्ये त्यातून ‘नेक्स्टक्लाउड’ निघाले. ही घरच्या सर्व्हरवर चालणारी मोफत साधने. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मात्र हक्क मिळाला म्हणून दप्तर आपोआप घरी येत नाही.

आणि घरी आणले तरी धोका टळत नाही. परंपरा सांगते, की परचक्राच्या धामधुमीत ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथीच गेली. शिष्यांनी ती आठवून पुन्हा लिहिली, म्हणून आज तिचे पाठ वेगवेगळे दिसतात. आपल्याकडे परचक्राची गरज नाही, भारनियमन पुरते. वीज गेली की सर्व्हर बंद, आणि डिस्क जळाली तर लग्नाचे फोटो कुणी आठवून काढायचे? तेव्हा दुसरी प्रत सेलूच्या किंवा पुण्याच्या बहिणीकडे ठेवावी, तीही संकेताने कुलूपबंद. आणि त्या कुलपाची किल्ली, म्हणजे पासवर्ड, कागदावर लिहून घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवावी.