कैलासवासी पूर्वजांच्या मृत्युनोंदींचा शोध

मंदिराच्या जीर्णोद्धारास आलेल्या देणग्यांपैकी पुष्कळ देणग्या 'कै. अमुक यांचे स्मरणार्थ' अशा आहेत. पाटीवर कोरावयास नाव असते, परंतु मृत्यूचा सन विचारला म्हणजे घरातील वडीलधारी मंडळी एकमेकांकडे पाहतात. "पानशेत फुटले त्याच्या दोन-तीन वर्षे आधी" एवढेच उत्तर मिळते. गावात बहुतेकांचे दहन होते. तेव्हा समाधीचा दगड वाचून सन काढावा ही सोय नाही. पवनेच्या काठी राख सावडली की माणूस कागदावर उरतो. तालुका कचेरीत हे कागद रोज हाताखालून जात असल्याने ग्रामस्थ व देणगीदार यांच्या माहितीकरिता हे लिहीत आहे.

शोध घरापासून सुरू करावा. श्राद्ध कोणत्या तिथीस घालतात हे आजीला विचारावे. वर्षश्राद्धावरून महिना, पक्ष व तिथी तिन्ही कळतात. पितृपक्षातील महालयावरून फक्त तिथी कळते. येथे एक फसगत आहे. आजीचे श्राद्ध अविधवा नवमीला होत असेल तर ती नवमीलाच वारली असे समजू नये. ती सवाष्ण गेली, म्हणजे आजोबांच्या आधी गेली, एवढाच त्याचा अर्थ. घातचतुर्दशी असेल तर मरण शस्त्राने वा अपघाताने आले असावे. सर्वपित्री अमावास्या असेल तर घरच्यांना तिथी बहुधा तेव्हाही ठाऊक नव्हती. मग गावाच्या आठवणीशी सांगड घालावी : १९१८ ची मानमोडी, १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ. अंदाजे सन ठरला की जुन्या पंचांगावरून तारीख निघते.

यानंतर तलाठी दप्तर. मयताच्या नावे जमीन असेल तर वारसाचा फेरफार झालेला असतो व त्यात बहुधा 'अमुक तारखेस मयत' असे लिहिलेले असते. फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. दहा-दहा वर्षांनी नोंद घातल्याची उदाहरणे आहेत. वारसांत बायकोचे नाव नसेल तर ती बहुधा आधीच वारली, म्हणजे अविधवा नवमीचा मेळ बसतो. मात्र ज्याच्या नावे जमीनच नव्हती त्याचा फेरफार होण्याचे कारणच नाही. यात भूमिहीन, बलुतेदार आणि बहुतेक सगळ्या बायका आल्या.

त्यांच्यासाठी कोतवाल बुक, म्हणजे जुना गाव नमुना नं. १४. जन्ममृत्यूची खबर गावकामगारांनी द्यावयाची व ती येथे लिहिली जायची; येथे सातबारा विचारला जात नसे. ही बुके तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असतात. जुनी पाने मोडीत आहेत. शके असेल तर ७८ व फसली असेल तर ५९० मिळवावे, म्हणजे इसवी सन येतो. सन २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली तेव्हा हीच बुके मोडी वाचकांकडून तपासण्यात आली. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा. त्यापुढील नोंदी निबंधकाकडे पाहाव्यात.

एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ रोजी अंमलात आला. त्यापूर्वी बाप वारला व मागे विधवा आणि मुलगी राहिली, तर मुलीस वारसा पोहोचत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. आपल्या शिवारात जोंधळ्याच्या जागी सोसायट्या उभ्या राहिल्यावर एका मृत्यूची तारीख महिनाभर अलीकडे की पलीकडे यावरून बहीणभाऊ समोरासमोर उभे राहतात.

घरातील कोणी पलटणीत होता तर खडकीचे युद्धस्मारक पाहावे. पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात मरण पावलेल्या अठराशेहून अधिक सैनिकांची नावे तेथे आहेत. नाशिक व त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत गाव व आडनावावरून वंशावळ सापडते. माहेरवाशिणीचे नाव तिच्या सासरच्या नोंदीत शोधावे.

कोठेच काही न मिळाल्यास नोंद आढळत नसल्याचा दाखला घ्यावा. वर्षाहून जुन्या मृत्यूच्या नोंदीसाठी १ ऑक्टोबर २०२३ पासून जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यासाठी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो. अर्जात मयताचे नाव, बापाचे वा नवऱ्याचे नाव, गाव आणि अंदाजे सन जरूर लिहावा. "पाच-सात वर्षांच्या पुढेमागे" असे लिहिले तरी चालते, सन कोरा ठेवू नये.