केळणेचा उतार

२३ सप्टेंबर १८०३ची दुपार. आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईजवळ, केळणा नदीच्या काठी तुम्ही उभे आहात. पलीकडे दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसल्यांच्या फौजा आणि शंभराच्या आसपास तोफा. घोड्यावरचा चौतीस वर्षांचा इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली वाटाड्यांना विचारतो, पुढे उतार आहे का? ते नाही म्हणतात. तो दुर्बीण लावतो. अलीकडे एक गाव, बरोबर समोर पलीकडे दुसरं, पिंपळगाव आणि वरूड. समोरासमोरच्या दोन गावांत जाणं-येणं नसेल असं कसं होईल? उतार असणारच, असं ठरवून तो फौज वळवतो. उतार निघतो.

पाण्यापाशी तोफगोळा येतो आणि वेलस्लीच्या हुजऱ्या स्वाराचं डोकं उडवून नेतो. धड खोगिरावरच राहतं, घोडा भेदरून उधळतो.

तिन्हीसांजेला शिंद्यांचे गोलंदाज आपापल्या तोफांपाशी पडलेले दिसतात. जिंकणारा वेलस्ली हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी पाय तिथंच खिळतात. संगिनी अंगावर येईपर्यंत हे लोक तोफ सोडून हलले नाहीत. इंग्रजांचेही दीड हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले. पुढे नेपोलियनविरुद्धची वॉटर्लूची लढाई जिंकूनही वेलस्ली आपली सर्वांत मोठी कामगिरी म्हणून असईचंच नाव घ्यायचा, असं सांगतात.

आता १८२९, लंडन. नेपोलियनला हरवणारा वेलस्ली आता ड्यूक ऑफ वेलिंग्टन आणि पंतप्रधान आहे. जन्म डब्लिनचा. कॅथलिकांना संसदेचं दार उघडलं नाही तर आयर्लंड पेटेल, हे त्याला दिसतं. स्वतःच्या पक्षाचा रोष ओढवून तो कायदा करून घेतो. त्यापायी एका उमरावाशी पिस्तुलांचं द्वंद्वसुद्धा खेळतो. मला हा नदीकाठचाच माणूस वाटतो.

पण २ नोव्हेंबर १८३०ला उमरावांच्या सभागृहात या. मँचेस्टरसारख्या शहराला स्वतःचा एकही खासदार नाही, ओल्ड सॅरमच्या ओसाड टेकडीला दोन. तरी तो उठून सांगतो, आहे ही व्यवस्था उत्तम आहे, मी पदावर असेपर्यंत बदलाला विरोधच करीन. खाली बसतो तेव्हा सभागृहात कुजबुज माजलेली असते. पंधरवड्यात सरकार कोसळतं. वाटाडे नाही म्हणत असताना ज्यानं उतार शोधला, त्याला सारा देश बोट दाखवत असताना तो दिसू नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एप्रिल १८३१च्या एका रात्री ड्यूकच्या लंडनमधल्या घरापुढच्या गर्दीत तुम्ही आहात. मतदारसंघांच्या सुधारणेसाठी संसद विसर्जित झाली म्हणून शहरभर रोषणाई, हे एक घर मात्र काळोखात. दगड सुटतात, तीसेक खिडक्या फुटतात. ड्यूक गावी नाही. आत त्याच्या बायकोचं, किटीचं, प्रेत ठेवलेलं आहे, हे गर्दीतल्या किती जणांना माहीत असेल? नोकर गच्चीवरून हवेत बार काढतो, तेव्हा लोक पांगतात. पुढे त्या खिडक्यांना लोखंडी झडपा बसल्या.

आणि १८ जून १८३२. वॉटर्लूच्या विजयाचा स्मरणदिन. ड्यूकनं विरोध केलेला संसद-सुधारणेचा कायदा त्याच महिन्यात झालाय. त्रेसष्ट वर्षांचा ड्यूक लंडनच्या रस्त्यातून घोड्यावरून घरी चाललाय आणि मागे जमाव शिव्या देत येतोय. दोन म्हातारे निवृत्त शिपाई त्याच्या रिकिबींना धरून चालतात. तो मागे पाहत नाही, घोडा दामटत नाही. पाठ केळणेच्या काठी होती तशीच ताठ.